सांभाळावयास घेतलेले लेकरू

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी धडा)

वाचन : निर्गम २:१-१०, १ शमुवेल १:२०-२८, २:१८-२१ व ३:१-१०, एस्तेर २:५-११.

धड्याचा हेतू : दुसऱ्याचे मूल आपल्या घरी वाढविणे म्हणजे काय, त्यात कोणती कामे व कोणते कष्ट येतात, आणि ते मूल आपल्यापाशी ठेव म्हणून असते हे समजून घेणे.



दसरा-दिवाळी उरकली म्हणजे आपल्या बालाघाटावरील गावांतून उसतोडीच्या टोळ्या निघतात, हे लिंबागणेशच्या व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील वाचकांस सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने कोपीत राहून ती दोघे उन्हाळ्यात गावी परततात. तान्ही मुले बरोबर जातात. शाळेत जाणारी पुष्कळ मुले मागे राहतात. कोणी आजीपाशी, कोणी चुलत्यापाशी, कोणी शेजाऱ्याच्या ओसरीवर.

बहुतेक मुलांचे आईबाप परत येतात. पण काहींचे येत नाहीत. कोणाचा बाप अपघातात जातो, कोणाचा कर्जाला भिऊन स्वतःचा जीव देतो. कोणाची आई आजाराने मरते, कोणाची पाट लावून दुसऱ्या घरी जाते. आजी थकलेली असते. मग गावाच्या पारावर प्रश्न निघतो की, ह्या लेकराला आता कोणी सांभाळावे? हा प्रश्न मंडळीच्या दारीही येतो. म्हणून त्याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. कारण मूल दारात उभे राहिल्यावर मनुष्य दयेच्या भरात होकार देतो, आणि पुढे तो होकार त्याच्याने पेलवत नाही.

१. तीन नाती, तीन अर्थ

आपल्या बोलण्यात दत्तक घेणे, पालक होणे आणि सांभाळणे हे शब्द एकमेकांत मिसळतात. कायद्याने त्यांचे अर्थ वेगळे आहेत, आणि ते वेगळे का आहेत हे ध्यानात आल्यावाचून हा धडा पुढे समजणार नाही.

दत्तक घेतलेले मूल कायमचे आपले होते. जन्मदात्यांशी त्याचे कायद्याचे नाते तुटते. नाव, वारसा, सर्व काही नव्या घराचे होते. हिंदूंसाठी ह्याविषयी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. ख्रिस्ती लोकांना मात्र फार वर्षे असा कायदा नव्हता. १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक तेवढी मिळे. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे, आणि वारसा मिळत नसे. पुढे बालन्याय कायद्यात २००६ साली दुरुस्ती होऊन कोणत्याही धर्माच्या मनुष्यास दत्तक घेण्याचा रीतसर मार्ग मोकळा झाला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसा निर्णय दिला. ही गोष्ट आपल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांस अजून ठाऊक नाही. उपदेशकांनी ती सांगावी.

तिसरे नाते संगोपनाचे. त्यात मूल आपल्या घरी राहते, आपल्या ताटात जेवते, आपल्या हाताखाली शिकते. परंतु ते दुसऱ्याचेच असते. त्याचे नाव तेच राहते. त्याचे आईबाप जिवंत असतील तर ते त्याचे आईबाप राहतात. २०१५ चा बालन्याय कायदा, जो जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्याच्या ४४ व्या कलमात ह्या संगोपनाची व्यवस्था सांगितली आहे. जे मूल कायद्याने दत्तक देण्याजोगे ठरले आहे, ते दीर्घ मुदतीच्या संगोपनास देत नाहीत. त्यास कायमचे घर मिळावे असा उद्देश असतो. तेव्हा संगोपनास बहुधा तीच मुले येतात की ज्यांचे कोणीतरी आहे, पण ते कोणीतरी आज त्यांना सांभाळू शकत नाही.

ह्यावरून पाहा, दत्तक घेणारा म्हणतो, हे माझे आहे. संगोपन करणारा म्हणतो, हे माझ्यापाशी आहे. ह्या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच आजचा धडा.

२. शास्त्रातील तीन घरे

वाचनातील तीन गोष्टी ह्याच दृष्टीने वाचाव्या.

मोशेच्या गोष्टीत फारोच्या कन्येने नदीतून मूल उचलले आणि दूध पाजण्यासाठी दाई ठेवली. ती दाई म्हणजे मुलाची खरी आई, हे तिला ठाऊक नव्हते. स्वतःच्याच मुलाला सांभाळण्याबद्दल त्या आईने मजुरी घेतली, आणि मूल मोठे झाल्यावर आपल्या पायांनी जाऊन ते राजकन्येच्या स्वाधीन केले. तिने ते किती वर्षे सांभाळले हे सांगितलेले नाही. पण पुढे राजवाड्यात वाढूनही मोशेला आपले लोक कोण हे ठाऊक होते. ती ओळख त्याच्यापासून हिरावली गेली नव्हती.

शमुवेल एलीच्या घरी वाढला. त्याची आई हन्ना हिने त्यास तेथे ठेविले खरे, पण ती त्यास विसरली नाही. दरवर्षी यज्ञाला येताना ती एक लहानसा झगा शिवून आणी. दर वर्षी मूल वाढलेले असणार आणि मागील झगा आखूड झालेला असणार. घरी बसून तिने त्याच्या अंगाचा अंदाज केला असेल. एलीने तिला अडविले नाही. उलट तिला व तिच्या नवऱ्याला आशीर्वाद दिला. आणि ज्या रात्री त्या मुलाने तीन वेळा म्हाताऱ्याची झोप मोडली, त्या रात्री एली त्याजवर ओरडला नाही.

मर्दखयाने आपल्या चुलत्याची पोरकी मुलगी हदस्सा, म्हणजे एस्तेर, हिला वाढविले. ती राजाच्या घरी गेल्यावर त्याचा तिच्यावर कोणताही हक्क उरला नव्हता. तरी तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोरून येरझारा घाली व तिचे कसे काय आहे ह्याचा शोध घेई.

परत देणे, खऱ्या आईला येऊ देणे, आणि गेल्यावरही विचारपूस सोडू नये, ह्या तीन गोष्टी तीन घरांनी शिकविल्या. आता आपल्या देशातील घरे पाहू.

३. आपल्या प्रांतातील दोन घरे

जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी गुप्तपणे बाळंत होऊन मूल मारू नये, येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, हा त्याचा हेतू. १८७४ साली काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेविले. त्यांना पोटचे अपत्य नव्हते. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना तेथे पोहोचवीत, आणि त्याच सेवेत त्यांनाही प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. ज्या मुलाचा जन्मच लोकांना नको होता, तो मरणाऱ्यांच्या उशाशी बसला. हे दत्तकाचे उदाहरण आहे. पण ज्या योजनेविषयी पुढे सांगावयाचे आहे, तिला महाराष्ट्र सरकारने सावित्रीबाईंचे नाव दिले ते उगीच नव्हे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्या स्वतः दुष्काळात आईबापांस मुकलेल्या. १८९६-९७ च्या व त्यानंतर १९०० च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून व गुजरातेतून शेकडो मुली व बायका केडगावास आणून वाचविल्या. त्यांच्या कार्याचे उपकार आपण कधी विसरू नयेत. परंतु त्यांच्याच चरित्रातील आणखी एक प्रसंग ह्या धड्यास उपयोगी आहे. १८८९ साली मुंबईत काढलेले त्यांचे शारदा सदन पुढे पुण्यास नेले. तेथे १८९३ साली मुलींच्या धर्माविषयी लोकांत मोठा गवगवा झाला, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. कोण बरोबर होते ह्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. दुसऱ्याचे मूल आपण घरी आणतो तेव्हा आपल्या हेतूविषयी शंका घेण्याचा अधिकार त्या मुलाच्या लोकांस असतो, आणि ती शंका शब्दांनी दूर होत नाही, वागणुकीनेच होते, एवढेच ध्यानात ठेवावे.

४. आधी आईबाप, मग संगोपन

केवळ गरिबी हे मूल आईबापांपासून तोडण्याचे कारण नव्हे. कायद्याचाही हाच कल आहे : प्रथम मुलाचे स्वतःचे घर सावरावे, ते न जमल्यास नातलग, तेही न जमल्यास दुसरे कुटुंब, आणि संस्था सर्वांच्या शेवटी. ज्या मुलाला फक्त हंगामापुरता आसरा हवा, त्याच्यासाठी शाळेतील हंगामी वसतिगृहे आहेत, आणि उसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली आहे. आपल्या जिल्ह्यात आर्वी येथील शांतिवन, पाली येथील इन्फंट इंडिया अशी घरेही पोरक्या व आजारी मुलांसाठी झटत आहेत. म्हणून शेजारची विधवा "माझे पोर तुमच्या घरी ठेवा" म्हणाली, तर पहिला प्रश्न असा विचारावा की, पोर तुमच्याच घरी राहावे ह्यासाठी आम्ही काय करू?

ह्या कामी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना उपयोगी पडते. ज्या मुलाचे दोन्ही किंवा एक पालक नाहीत, अथवा मोठ्या आजाराने, तुरुंगवासाने किंवा अशाच अडचणीने जे सांभाळू शकत नाहीत, अशा मुलासाठी दरमहा साहाय्य मिळते. ही रक्कम पूर्वी १,१०० रुपये होती. २०२३ पासून ती २,२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संगोपनासाठी व प्रायोजकत्वासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. पुष्कळ आज्यांना ह्याची वार्ताही नसते. अर्ज लिहून देणारा एक शिकलेला मनुष्य गावात असला, तर एखादे लेकरू परक्या घरी न जाता आपल्याच आजीच्या वाकळीत निजते.

५. मूल कसे घ्यावयाचे

एवढे करूनही घर नसलेले मूल उरते. ते कोणी परस्पर आणू नये. आईने हातावर ठेविले, मुकादमाने आणून दिले, दवाखान्यात कोणी सोडून गेले, असे म्हणून मूल ठेवून घेणे हा उपकार नव्हे. तो गुन्हा होऊ शकतो. टाकलेले किंवा हरवलेले मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ ह्या क्रमांकावर फोन करावा, अथवा पोलिसांस किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीस कळवावे. मूल कोणत्या घरी द्यावयाचे हे ती समितीच ठरविते.

ज्या कुटुंबास संगोपन करावयाचे आहे, त्याने बीड येथील जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी. मग अधिकारी घरी येऊन पाहणी करतात. पतिपत्नी दोघांची संमती, घरातील स्वतःच्या मुलांचे मत, आरोग्याचे दाखले, मिळकत, पोलिसांची पडताळणी, गावातील ओळखीच्या मनुष्यांचे म्हणणे, हे सर्व पाहिले जाते. कोणास हा आपला अपमान वाटतो. तसे वाटू देऊ नये. आपली लेक देताना आपण जावयाच्या घराची चौकशी करीत नाही काय? येथे तर मूल बोलूही शकत नाही. त्याच्या वतीने कोणी विचारलेच पाहिजे.

२०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विवाहित जोडप्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा लागतो, आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० वर्षे असावी लागते. अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित मनुष्यासही, वय किमान ३५ असल्यास, अर्ज करता येतो. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. ह्या सूचनांत मुख्यत्वे सहा वर्षांवरील मुलांचा विचार केला आहे. मूल जर पुढे दत्तकासाठी मोकळे ठरले, तर दोन वर्षे सांभाळणाऱ्या कुटुंबास ते दत्तक मागता येते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. परंतु दत्तकाच्या आशेनेच जो संगोपन आरंभितो, त्याच्या हृदयाचा भंग होण्याचा संभव फार आहे. भावंडे असतील तर ती होता होईतो एकत्र ठेवावी, असेही कायदा सांगतो.

६. मूल घरात आल्यावर

येथवर कागदाची गोष्ट झाली. आता खरे काम सुरू होते.

आपल्याला वाटते, उपाशी मुलाला पोटभर भाकरी, धड कपडे व निजावयास जागा मिळाली म्हणजे ते हसू लागेल. बहुधा तसे होत नाही. पहिले काही दिवस मूल फार शहाण्यासारखे वागते. पाहुण्यासारखे बसते, सांगितलेले सर्व ऐकते. मग एके दिवशी शिंकाळ्यातील गूळ नाहीसा होतो, किंवा गोधडीच्या घडीत वाळलेल्या भाकरीचे तुकडे सापडतात. घरची बाई दुखावते : "मागितले असते तर दिले नसते काय?" पण ज्या मुलाने उद्याची भाकरी मिळेलच असे कधी पाहिले नाही, ते उद्याची तजवीज करीत असते. त्यास चोर म्हणू नये. एका डब्यात भाकरी ठेवून, "ही तुझी, केव्हाही घे," असे सांगावे. भरवसा बसला की तुकडे लपविणे आपोआप थांबते. ह्यास महिने लागतात.

मोठे मूल रात्री अंथरूण ओले करते. त्यावरून शेजारणींपुढे हसू नये. सकाळी मुकाट्याने वाकळ उन्हात टाकावी. कोणी मूल खोटे बोलते, कोणी अंगावर हात पडताच चमकते, कोणी कोपऱ्यात बसून दिवसभर शब्द काढीत नाही. आणि पुष्कळदा असे होते की, जी बाई सर्वांत अधिक माया करते तिच्यावरच मूल सर्वांत अधिक रागावते. कारण तिची माया घेतली तर आपल्या आईशी बेइमानी होईल असे त्याला भय वाटते. हे त्यास शब्दांत सांगता येत नाही. ते ताट लोटून देते. अशा वेळी "आमचे अन्न खाऊन आम्हांलाच!" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघाले, त्याने वर्षभराचे काम एका क्षणात मोडले असे समजावे. मूल ते विसरत नाही.

मारू नये. आपल्या गावांत मारणे ही शिस्त समजतात; पण ज्याने आधीच मार खाल्लेला आहे, त्यास त्यातून एवढेच कळते की हे घरही तसलेच. जागा बदलत नाही, जेवण चुकत नाही, बोललेला शब्द मोडत नाही, एवढे दिसले की मूल हळूहळू स्थिरावते. शाळेत शिक्षकास भेटून मुलाची हकीकत आवश्यक तेवढीच सांगावी; पारावर सांगू नये. त्याचे दुःख ही त्याची मालमत्ता आहे.

घरच्या मुलांकडेही पाहावे. कालपर्यंत आईच्या कुशीतील जागा ज्याची होती, त्यास आता सरकावे लागते. त्याला "तू मोठा, तू समजून घे" असे रोज म्हटल्याने तो समजूतदार होत नाही, मुका होतो. त्याच्यासाठी दिवसातील थोडा वेळ निराळा ठेवावा. आणि सर्व मुलांस, मुलगे असोत की मुली, अंगाला कोणी नको तसा हात लावला तर लगेच सांगावयाचे, हे स्पष्ट शब्दांत शिकवावे. निजण्याच्या जागा वेगळ्या असाव्या.

७. पैसा, काम व लग्न

ज्या घरी मूल येते त्या घरी थोडा पैसाही येतो, आणि कधी मुलाच्या नावे मोठी रक्कम असते. कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे महाराष्ट्र सरकारने २०२१ साली पाच लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचे ठरविले. पैसा आला की सख्खे नातेही तपासले जाते. ज्याने मुलाच्या पैशाचा हिशेब वहीत लिहून ठेविला, त्याला कोणाच्या जिभेचे भय नाही.

दुसरा मोह कामाचा. घरच्या मुलाप्रमाणे पाणी भरणे, शेरडांना पाला आणणे ह्यात वावगे काही नाही. पण घरचा मुलगा शाळेत आणि आणलेला मुलगा गुरांमागे, घरची मुलगी अभ्यासाला आणि आणलेली मुलगी खुरपणीला, असे झाले म्हणजे त्यास संगोपन म्हणू नये. तो बिनपगारी गडी आहे. मनुष्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे मूल उद्या गेले तर माझ्या मनाचे काही जाईल, की माझ्या कामाचे?

मुलींविषयी विशेष काळजी घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळिसांहून अधिक जणींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. पोरकी मुलगी म्हणजे डोक्यावरचा भार, लवकर उजवून टाकावी, अशी बोलण्याची रीत आहे. २००६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. जी मुलगी आपल्यापाशी ठेव म्हणून आहे, तिचे असे लग्न लावणे हा विश्वासघातही आहे.

८. मुलाचे नाव, नाते व धर्म

येथे आपण ख्रिस्ती लोकांनी आपल्याशीच स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या घरी येणारे मूल बहुधा दुसऱ्या धर्माचे असेल. १९८९ चा आंतरराष्ट्रीय बालहक्क करार, जो भारताने १९९२ साली मान्य केला, त्याच्या २० व्या कलमात सांगितले आहे की, घरापासून दूर झालेल्या मुलाचा धर्म, संस्कार व भाषा ह्यांचे सातत्य राखण्याकडे लक्ष द्यावे. म्हणून त्याचे नाव बदलू नये. त्याच्या गळ्यातील ताईत काढून फेकू नये. त्याची आजी जत्रेला किंवा पोळ्याला घरी नेऊ म्हणाली, आणि समितीची हरकत नसली, तर आनंदाने पाठवावे. आपण प्रार्थनेस बसलो असता ते जवळ बसले तर बसू द्यावे, उठून गेले तर जाऊ द्यावे. बाप्तिस्म्याची गोष्ट ते सज्ञान होऊन स्वतः विचारीपर्यंत कोणी काढू नये.

कोणी म्हणेल, मग आमच्या साक्षीचे काय? उत्तर असे की, ज्या लेकराला दुसरीकडे जावयास जागाच नाही, त्याने दिलेला होकार हा होकार नव्हे. भाकरीच्या मोबदल्यात घेतलेले अंतःकरण कोणाच्याही उपयोगाचे नाही. शेजारी आपल्याकडे पाहत आहेत. मूल जसे आले तसे, आपल्या नावाने व आपल्या माणसांच्या ओळखीने मोठे झालेले त्यांना दिसले, तर पुढच्या वेळी दुसऱ्या लेकरासाठी ते आपले दार ठोठावतील.

आईबापांच्या भेटीविषयीही हेच. समितीने मना केले नसेल तर त्यांना भेटण्याचा अधिकार आहे. बाप रिकाम्या हाताने येतो, उशिरा येतो, कधी येतच नाही. मूल दाराशी वाट पाहून झोपी जाते. दुसऱ्या दिवशी ते चिडखोर होते व आपल्याला वाटते, ह्या भेटी नकोतच. तरी त्या बापाची निंदा मुलासमोर कधी करू नये. मूल त्याच्याच रक्ताचे आहे. बापाला दिलेली शिवी त्यालाच लागते. हन्नेने आणलेला झगा एलीने बाजूला टाकला नाही, हे स्मरावे.

९. परत देण्याचा दिवस

अल्प मुदतीचे संगोपन एक वर्षापर्यंतचे असते. दीर्घ मुदतीचे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत वाढविता येते. पण आईबाप पुन्हा सांभाळण्यास लायक झाले असे समितीस दिसले, तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. हाच ह्या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे.

समजा, लिंबागणेशच्या शिवारातील एका घरात आठ वर्षांची मुलगी तीन वर्षे राहिली. आली तेव्हा बोलत नव्हती. आता पहाटे उठून कोंबड्या सोडते, घरच्या बाईला मावशी म्हणते, चौथीत वाचून दाखविते. आता तिची आई बरी होऊन आली आहे. आईचे घर पत्र्याचे, मिळकत रोजंदारीची. मावशीचे मन म्हणते, येथे तिचे अधिक भले आहे. हे कदाचित खरेही असेल. परंतु अधिक भाकरी म्हणजे अधिक आई नव्हे. आणि आपल्या श्रीमंतीच्या मापाने मुलांची वाटणी होऊ लागली, तर आपल्याहून श्रीमंत मनुष्याने आपलीही मुले न्यावी, असे म्हणावे लागेल.

तेव्हा जाण्याची तयारी आधीपासून करावी. आईच्या घरी प्रथम एक दिवस, मग दोन रात्री पाठवावे. तिला काय आवडते, कशाला भिते, कोणते औषध चालते, हे आईला सांगावे. वह्या, कपडे, एखादे छायाचित्र बरोबर द्यावे, म्हणजे ही तीन वर्षे तिच्या आयुष्यातून कापून टाकल्यासारखी होणार नाहीत. "आम्हांला विसरू नकोस" असे रडून तिच्या मनावर ओझे घालू नये. "आई तुझी वाट पाहते" असे म्हणावे. मागाहून रडावे, रडणे योग्यच आहे. ज्याला परत देताना काहीच वाटले नाही, त्याने मुलाला अन्न घातले, घर दिले नाही. आणि नंतर मर्दखयाप्रमाणे विचारपूस चालू ठेवावी.

१०. मंडळीचे काम

प्रत्येक घराने मूल घेतलेच पाहिजे असे नाही. ज्याच्या घरी भांडण आहे, दारू आहे, आजारी माणूस आहे, किंवा ज्याला स्वतःच्या रिकाम्या घराची भर हवी आहे, त्याने आज थांबावे. त्यात लाज नाही. पण ज्या घराने मूल घेतले त्यास एकटे सोडू नये. उपदेशकाने अर्ज व दाखले ह्यांत मदत करावी. बहिणींनी आठवड्यातून एक दुपार ती मुले सांभाळून त्या माउलीस विसावा द्यावा. ग्राम बाल संरक्षण समितीत गावचा कोण आहे हे पंचांनी माहीत करून घ्यावे. मूल खोडकर आहे म्हणून उपासनेतून बाहेर काढू नये. सर्वांसमोर "हे अनाथ पोर" अशी त्याची ओळखही करून देऊ नये. आणि मूल गेल्यावर त्या घरी जाऊन बसावे, जसे आपण दुःखाच्या घरी बसतो.

ठेव ठेवणाऱ्याचे कौतुक त्याने ती किती दिवस ठेवली ह्यावरून होत नाही; ती जशीच्या तशी, शक्य तर वाढवून, मागणाऱ्याच्या हाती दिली ह्यावरून होते. लेकरू ही तर चालतीबोलती ठेव. तिला आपण जीव लावावयाचा, आणि हात मोकळा ठेवावयाचा. दोन्ही एकाच वेळी करावयाचे, म्हणूनच हे काम मोठे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. दत्तक व संगोपन ह्यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा. आपल्या गावातील सांभाळलेल्या मुलांची नाती ह्यांपैकी कोणत्या प्रकारची आहेत?

२. योखबेद, एली व मर्दखय ह्यांच्यापैकी कोणाचे काम तुम्हांस सर्वांत कठीण वाटते, व का?

३. आपल्या वस्तीत अशी किती मुले आहेत की, थोडी मदत मिळाल्यास ती स्वतःच्याच घरी राहू शकतील? त्यांच्यासाठी अर्ज कोण लिहील?

४. दुसऱ्या धर्माचे मूल आपल्या घरी वाढत असता कोणत्या गोष्टी करू नयेत?

५. ज्या घरातून मूल परत गेले, त्या घराचे समाधान मंडळीने कसे करावे?